दोन नाकांचा नियम

माझ्या नाकावर माशी बसत नाही, असं सगळं गोदाम म्हणतं. म्हणू दे. त्या नाकात गेली तीन वर्षं वासच शिरत नाही, हे फक्त मला ठाऊक.

आमचं काम जुने मोबाइल फोडायचं. आत बॅटरी गळत असेल तर फोनला नासक्या फळासारखा गोडसर वास येतो. तसल्या फोनला स्क्रू-ड्रायव्हर लागला की तो पेटतो. मागे एकीचा चेहरा भाजला, तेव्हापासून मुकादमाने नियमच केला: प्रत्येक फोन दोघींनी हुंगायचा. आधी मी, मग माझी सून. तिने "साफ" म्हटलं की तीच तो उघडते. वास येत नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील, म्हणून मी नुसतं नाक लावते आणि फोन पुढे सरकवते. सुनेचं नाक बावीस वर्षांचं. त्याच्याच भरवशावर चाललंय सगळं.

तिला सातवा महिना. मांडी आता पुरत नाही, म्हणून फोन पोटाला टेकवून उघडते. लांब धर, लांब धर म्हणून कितीदा कानीकपाळी ओरडले. ऐकेल तर शपथ.

त्या दुपारी एक काळा फोन मी हुंगल्यासारखा केला नि तिला दिला. तिने नाकाशी नेला. "साफ," म्हणाली आणि स्क्रू-ड्रायव्हर फटीत घातला.

तेवढ्यात पोतं घेऊन आलेला हमाल दारातच थबकला. "काय हो मावशी, फळं नासलीत का इथे?"

मी फोन तिच्या हातातून हिसकला. तो फुसफुसला, धूर सुटला, वाळूच्या बादलीत टाकेपर्यंत माझा तळवा भाजून निघाला.

"अगं भवाने, तुला वास नाही आला?" मी खेकसले.

ती म्हणाली, "आई, मला चार महिन्यांपासून कसलाच वास येत नाही. मी तुमच्या तोंडाकडे बघते. तुम्ही नाक मुरडलं नाही की साफ म्हणते."

तिला एक ठेवून द्यावी असं वाटलं, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. इथल्या धुराने माझं नाक जायला वीस वर्षं लागली. तिचं दोन वर्षांत गेलं. आणि आतलं लेकरू सात महिने हीच हवा ओढतंय.

हमाल अजून दारातच होता. त्याला म्हणाले, "मलाही येत नाही वास. तीन वर्षं झाली. जा, मुकादमाला सांग."

मग सुनेच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. "ऊठ," म्हटलं, "चप्पल घाल."