काठावरच्या घागरी

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. कळमनुरीच्या रस्त्यावरच्या एका गावात चतुराबाई सकाळपासून बारवेच्या काठावर रिकामी घागर आणि तांब्या घेऊन बसली होती. पायऱ्या उतरायच्या त्या गावच्या बायांनी. बौद्धवाड्यातल्या बायांनी वर बसायचं आणि कुणाला दया आली तर ओतून घ्यायचं. कायदा होऊन जमाना झाला होता, पण कायदा काय पायऱ्या उतरून येतो थोडाच!

आज तर कुणी ओतेना.

कारण तिची लेक, पद्मा. बौद्धवाड्यातून कॉलेजात सायन्सला गेलेली पहिली पोर. सरांनी सांगितलं होतं, ज्यानं त्यानं आपल्या गावचं पाणी आणून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पद्मानं काठावरून बाटली पुढं केली, पाटलाच्या सुनेनं, पार्वतीबाईनं ती भरून दिली. पार्वतीबाईच्या पायातून नारू, दोऱ्यासारखा लांब जंत, निघत होता. आग थांबावी म्हणून बिचारी पाय पाण्यात सोडून बसायची. बाटलीतल्या थेंबात पद्माला बारीक किडे उड्या मारताना दिसले. नारू याच किड्यांतून पोटात जातो, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. मग पोर कसली गप्प बसते! "नारूचा पाय पाण्यात घालू नका, पाणी दुहेरी फडक्यातून गाळा," असं तिनं बारवेवर येऊन साऱ्यांना सांगितलं.

काल संध्याकाळी तातेराव पाटील दारात आले. आवाज चढवला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

"चतुरे, तुझी पोरगी आमचं पाणी खराब म्हणून राहिली. उद्यापासून तिचं कॉलेज बंद. न्हाई तर तुमचं पाणी बंद."

"पोरीला घरी बसवू," नवरा जळबा मान खाली घालून म्हणाला. "पाण्याबिगर जगावं कसं?"

"आई, उद्या परीक्षा हाय माझी," पद्मा एवढंच बोलली.

चतुराबाई घागर घासायला बसली. आपला जन्म काठावर गेला. लेकीचाही तसाच घालवायचा?

आता बाया पद्मा गाडी धरते का, ते बघत थांबल्या होत्या, तोच समोरच्या फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. पद्मा घागरीपाशी घुटमळली. "आई, मी न्हाई जात."

"काहून? गाडी धर तू. पाण्याचं मी पाहते."

गाडी हालली, तशी चतुराबाई उठली आणि पहिली पायरी उतरली. बाया ओरडत बाजूला सरल्या. पाण्याच्या वरच्या पायरीवर ती थांबली. लेकीनं सांगितलं होतं, म्हणून पाण्यात पाऊल घातलं नाही. लुगड्याचा पदर दुहेरी करून घागरीच्या तोंडावर धरला आणि तांब्यातांब्यानं पाणी गाळू लागली.

पलीकडं पार्वतीबाई पाय पाण्यात सोडून बसली होती, तिनं ते पाहिलं. मग कण्हत कण्हत तिनं आपला पाय पाण्याबाहेर घेतला.

वर वहाणा वाजल्या. तातेरावांच्या मागं काठ्या घेतलेली माणसं होती.

"ये वर, चतुरे."

घागर भरेपर्यंत ती जागची हालली नाही. मग ती डोक्यावर घेऊन चढू लागली. वर यायला दुसरी वाट नव्हती.

सारं गाव काठावर जमलं होतं. मधे पडायला कोण पुढं झालं, ते मला विचारू नका, वाचकहो. तुम्ही तिथं असता, तर पुढं झाला असता का, तेवढं सांगा.