सिंहाचा तुटका दात

फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातल्या आमच्या जुन्या शहरात येणारे-जाणारे कारंज्यांचे फोटो काढतात. ती कारंजी घासणारा माणूस आला की थांबतात, मी बाजूला व्हावं म्हणून. मी एलोई. बत्तीस वर्षं नगरपालिकेत हेच काम करतो. बायको गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी चार शब्द बोलणारं माणूस एकच होतं, दोरवाल्यांच्या गल्लीतल्या मादाम ओदिबेर. वय एक्याण्णव.

त्यांच्या दारासमोर भिंतीतलं कारंजं आहे. आमच्या पाण्यात चुना फार. वर्षानुवर्षं तो साचत गेला, त्यावर शेवाळ धरलं आणि तोटीभोवती भलामोठा हिरवा गोळा तयार झाला. दर वसंतात आम्ही त्याची खालची दाढी छाटायचो, पण तोटीच्या वर छिन्नी लावायची नाही हा आमच्या धंद्यातला नियम. आत सिंहाचं तोंड आहे असं मादाम सांगायच्या. ते पाहिलेलं दुसरं कोणी आता जिवंत नव्हतं. लहानपणी त्यांच्या भावाने, फर्नांने, घराची लोखंडी किल्ली त्या तोंडात कोंबून वरचा एक दात तोडला होता. फर्नां बाराव्या वर्षी तापाने गेला. त्याचा फोटोसुद्धा नव्हता. संध्याकाळी मादाम दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि गल्लीतली माणसं येता-जाता त्यांना सिंहाबद्दल विचारायची.

मग नगरपालिकेला तो सिंह बाहेर काढायची हौस आली. वासर नावाच्या बाई कागद घेऊन आल्या. त्यांनी मला विचारलं, काही धोका नाही ना? हा दगड मऊ, चुना निघताना दगडाचं कातडंही घेऊन निघतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी ‘नाही’ म्हणून मान हलवली, कारण बत्तीस वर्षं मलाही तो सिंह बघायचा होता. ती मान हलवल्याची लाज मला आजही वाटते.

पाणी बंद करून तीन दिवस मी छिन्नी चालवली. गोळा निघाला आणि खाली सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत उंचवटा, मधे एक भोक. ना आयाळ, ना डोळे. अख्खी गल्ली बघायला जमली होती. पाववाला म्हणाला, "मादाम, सिंह फिरायला गेला वाटतं." सगळे हसले. वासरबाईंनी वहीत लिहिलं : साधी तोटी, कोरीवकाम नाही. मादामनी खुर्ची उचलली आणि आत गेल्या. नंतर तीन आठवडे ती खुर्ची बाहेर आली नाही.

शेवटी एका दुपारी, गल्ली जेवायला बसलेली असताना, मी त्यांचं दार वाजवलं. सगळं सांगून टाकलं. मला माहीत होतं, मी बोललो नाही, तुम्हाला खोटं पाडलं ते मीच.

त्या म्हणाल्या, "पोरा, तू आत हात घातलास का?"

"नाही."

"एवढा साठीला आलास, आणि नुसतं डोळ्यांनी बघतोस?"

काठी टेकत त्या बाहेर आल्या. मी पाणी बंद केलं आणि भोकात बोट घातलं. आत वरच्या बाजूला पाणी कधी लागलंच नव्हतं, तिथे चुना धरला नव्हता. बोटाला एक दात लागला, मग दुसरा. तिसऱ्याच्या जागी तिरपा तुटलेला धारदार खुंट होता. मला रडू आलं.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला."

"मग झालं तर. आता आपण दोघं आहोत."

त्या नोव्हेंबरात मादाम गेल्या. मी वासरबाईंना दाताचं सांगितलं. बोटाला लागलेलं नोंदीत धरता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पाववाल्यालाही सांगितलं, त्याने मला एक पाव फुकट दिला, जसा वेड्याला देतात.

चुना पुन्हा धरायला लागलाय. भोकाची कड दर वर्षी आत सरकते. नियमाप्रमाणे मी तिथे छिन्नी लावत नाही, आणि आता लावायचा धीरही नाही. गेल्या वसंतात आत करंगळी तेवढी गेली. फर्नांचा दात तिला जेमतेम लागला.