शेजारची खुर्ची

अंतिम सामन्याची तिकिटं फोनवर सुटली आणि बघता बघता संपलीसुद्धा. वाचकहो, हा अनुभव तुमचा-आमचा सगळ्यांचाच! पडद्यावरचं गोल चक्र बघत बसायचं आणि शेवटी हात हलवत उठायचं.

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या आमच्या चष्मेवाल्यांचं नशीब मात्र फळफळलं. पण किती तिकिटं हवीत असं विचारल्यावर त्यांचं बोट सवयीने 'दोन'वर गेलं. पूर्वी खिडकीवर बायकोच सांगायची, "दोन द्या, शेजारी-शेजारी!" ती जाऊन वर्ष होत आलं होतं. दुसरं तिकीट बघून त्यांना भरून आलं, मग रागच आला. न्यायचं कुणाला? दुकान आणि घर, यापलीकडे बोलायलाच कुणी उरलं नव्हतं. सगळेच हात धुऊन घेतात, मग मीच का मागे राहू, असं म्हणत त्यांनी ते तिकीट नाव न घालता, चौपट भावाने फोनवर विकायला लावलं.

दुपारी कुणाचा तरी निरोप आला, "साहेब, भाव जरा कमी करा." चष्मेवाल्यांनी फटकन उत्तर दिलं, "परवडत नसेल तर टीव्हीवर बघा."

संध्याकाळी ते घरी येऊन टेकतात तोच भिंतीपलीकडून आवाज आला. तिकडे निवृत्त बसड्रायव्हर एकटेच राहायचे. ते फोनला मोठ्याने, शब्द तोडत सांगत होते, "साहेब. टीव्हीवर. रोजच बघतो. पण एकट्याने. ओरडायला. मजा येत नाही."

चष्मेवाल्यांचा फोन वाजला. पडद्यावर तेच शब्द!

ते ओशाळून उठले आणि शेजारचं दार वाजवलं.

"काका, फोनशी एवढ्या मोठ्याने बोलता?"

"काय करू? अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी बोलतो, फोन लिहितो आणि आलेलं वाचूनही दाखवतो. चष्मा जुना झालाय."

आपण चष्मे विकतो आणि भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसाला दिसत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं!

"तुमचं बोलणं भिंतीपलीकडे ऐकू आलं. तिकीट विकणारा कुणी दलाल असेल," चष्मेवाले चाचरत म्हणाले.

"दलालाला शिव्या देणं सोपं असतं हो. मी जन्मभर बस चालवली. आरशात रोज दिसायचं, एकजण शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून बसलाय आणि दुसरा उभ्याने लोंबकळतोय. पिशवीवाला काही दलाल नसायचा, आपल्यासारखाच साधा माणूस! जागा अडवणारे आपणच, आणि जागा मिळत नाही म्हणून बोंब मारणारेही आपणच."

चष्मेवाल्यांनी खिशातून फोन काढला.

"काका, ती पिशवी माझीच आहे!"

त्यांनी फोन पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. "मी घेतलं त्याच भावात घ्या. पण बसायचं माझ्या शेजारी."

ड्रायव्हरकाकांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला आणि म्हणाले, "आधी चष्मा करून द्या. नाहीतर चेंडू दिसायचा नाही!"

सामन्याच्या दिवशी नव्या चष्म्यातले काका घसा फाटेस्तोवर ओरडले. चष्मेवाल्यांना आधी बायको आठवली. मग तेही ओरडले.

म्हणून सांगतो, वाचकहो, जास्तीचं तिकीट हाती आलं तर ते घेतल्या भावातच द्या. दुसऱ्याची जागा अडवून मिळवलेला पैसा आपल्या शेजारी येऊन बसत नाही.