उसने सुतक

नोझिबेलेने डोक्यावरची लाकडांची मोळी दुमेझ्वेनीच्या अंगणात टाकली आणि मान वर न करता बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. मयताच्या घरी शेजारणीने सरपण न्यायचे, ही रीत. पण आज रीतीपेक्षा धाक मोठा होता. जो येणार नाही तो टेकडीवाला, म्हणजे बंडखोर, असे पोलिसांनी आदल्या दिवशी गावभर बजावले होते.

"जा, दिसून ये," सासू म्हणाली होती. "शेजारीण रडते तेवढंच रड. त्याहून एक टिपूस जास्त नको."

दुमेझ्वेनी गावचा मुखिया. गोऱ्या सरकारने जमिनी नव्याने आखल्या, गुरे मोजली, कर वाढवला, तेव्हा सगळा मुलूख टेकडीवर सभा घेऊ लागला आणि हा सरकारच्या पंगतीला जाऊन बसला. सभेची खबर त्यानेच पोचवली. वरून विमानाने धूर सोडला, झाडीतून बंदुका पुढे आल्या. लोकांनी पांढरे फडके उंच धरले होते, तरी गोळ्या सुटल्या. नोझिबेलेचा नवरा वेलापी तिथेच पडला. दोघा सोबत्यांनी त्याला घोंगडीत घालून घरी आणले, मक्याच्या वावरात पुरले, वर वाळकी ताटे पसरली आणि ते रानात पळून गेले. ज्या घरात टेकडीवरचे प्रेत किंवा जखमी सापडे, त्या घरची झाडून सगळी माणसे पोलिसांच्या गाडीत जात. म्हणून वेलापी समुद्रकाठच्या उसाच्या मळ्यांत कामाला गेला आहे, असे सासूने सांगितले. नोझिबेलेनेही तेच सांगितले. तिने डोके भादरले नाही, काळे नेसले नाही. झऱ्यावर गेली, मका दळला, बायकांच्या थट्टेला हसली. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये म्हणतात. इथे वैऱ्याच्या घरी सगळे यथासांग चालले होते.

टेकडीवाल्यांनी सूड उगवला होता. मुखियाचे मोठे घर पेटवले, आणि तो आतच राहिला. अंगणात अजून जळक्या गवताचा वास होता. सरकारने पॉलिश केलेली शवपेटी धाडली होती, पितळी कड्यांची. उरलेल्या लहान घरात ती ठेवली होती, आणि भिंतीशी चटईवर मुखियाची बायको मादिया घोंगडी डोक्यावरून ओढून बसली होती. दारात एक गोरा सार्जंट आणि त्याचा दुभाषा पोलीस उभे होते. दुभाषा परगावचा, पण आपल्याच भाषेचा, त्यामुळे बायका त्यालाच जास्त भीत होत्या.

बायका आत पेटीभोवती गोळा झाल्या, तेव्हा मुखियाच्या धाकट्या भावाने पेटीत काठी ठेवली. मग चिलीम पुसून ठेवली.

"दादा, ही घे. वाटेत तल्लफ आली तर कुणापुढे हात पसरू नकोस."

वेलापीची चिलीम घरी खुंटीलाच राहिली होती. त्या घाईत कुणाला आठवलीच नाही. नोझिबेलेला हे आत्ता, या माणसाच्या पेटीपाशी उमगले. इतके दिवस दाबून धरलेले सगळे एकदम फुटले.

"धन्या, तुला तसंच पाठवलं रे! रिकाम्या हातानं पाठवलं तुला!"

बायकांचे शोकाचे गाणे थांबले. दुभाषा पुढे आला.

"रिकाम्या हातानं? आत्ता तर त्याला सगळं दिलं. ही धनी कुणाला म्हणतेय? हिचा नवरा कुठंय?"

नोझिबेलेला वाटले, आता गाडी दारात येईल, सासूला ओढून आत टाकतील, वावरातली ताटे बाजूला सारतील. तिने ओठ आवळले, पण हुंदका आवरेना.

मादियाने घोंगडीतून तोंड बाहेर काढले.

"हाच तिचा धनी. ती माझी सवत आहे. धाकटी."

"सवत? मग रिकाम्या हातानं कोण गेलं?"

"तिच्याकडून तो रिकाम्या हातानंच जातोय. काठी, चिलीम मीच दिराच्या हाती दिली. थोरली बसलेली असताना धाकटीची काय टाप आहे काही द्यायची? तुमच्या घरी चालतं का तसं?"

कुणीतरी खुदकन हसले. दुभाष्याने मुखियाच्या भावाकडे पाहिले. भावाने खूप वेळ पेटीच्या कडीवरून अंगठा फिरवला आणि होकाराची मान डोलावली.

"मग हिचं डोकंही भादरायला हवं," दुभाषा म्हणाला.

"भादरू की. पुरून येऊ दे आधी."

पुरून आल्यावर दुभाषा मुद्दाम गोठ्याच्या कुंपणापाशी थांबला. एका म्हातारीने दोघींना शेजारी बसवले आणि एकाच पात्याने दोघींची डोकी भादरली. मादियाचे पांढरे केस आणि नोझिबेलेचे काळे एकाच चटईवर पडले. दोघींना काळी फडकी बांधली, तेव्हा कुठे तो निघून गेला.

"का केलंत, आई?" नोझिबेलेने मादियाला हळूच विचारले.

"पंधरा दिवस तू झऱ्यावर हसत होतीस. इतकं हसणाऱ्या बाईचा माणूस मळ्यात गेलेला नसतो."

"पण तुमचं घर आमच्या लोकांनी..."

"माहीत आहे. मी काही पुण्य करत नाहीये, पोरी." मादियाने भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "टेकडीची वाट माझ्या माणसानं पोलिसांना सांगितली ना, तेव्हा मी चहा ओतत होते. साखर किती, एवढंच विचारलं मी."

मग तिने घोंगडी परत ओढून घेतली.

"वर्षभर काळं घाल. कुणासाठी घालतेस ते पोटात ठेव. आणि जपून राहा. आता तुझी माणसं तुला सोडायची नाहीत."

ते खरे व्हायला घर गाठावे लागले नाही. झऱ्यावर नोकाया पाणी भरत होती. तिचा भाऊ टेकडीवरून पकडून नेलेला. तिने नोझिबेलेचे डोके पाहिले, काळे फडके पाहिले.

"अगंबाई. नवरा मळ्यात आणि बाई मुखियाच्या उशाला? तरीच टेकडीची खबर फुटली."

आणि ती थुंकली. थुंकी नोझिबेलेच्या पायावर पडली.

नोझिबेलेने तोंड उघडले. एका वाक्यात सगळे धुऊन निघाले असते. पण आज ते वाक्य झऱ्यावर पडले, की उद्या पोलिसांच्या कानी गेले असते. तिने पाय पाण्यात बुडवून धुतला आणि ती पुढे निघाली.

सासू वावराच्या बांधावर बसून कणसे सोलत होती. तिने सुनेकडे पाहिले, घडले ते ऐकून घेतले. मादियाचे नाव आले तेव्हा तिची नजर एकदा मुखियाच्या घराकडे गेली. मग तिने नोझिबेलेचा हात धरला आणि तिला वाळक्या ताटांपाशी नेऊन बसवले.

"आता रड. मोठ्यानं रड. ऐकू दे सगळ्यांना."

नोझिबेले रडली. भरदिवसा, उघड्या रानात, नवऱ्याच्या उशाशी बसून ऊर बडवून रडली. झऱ्याकडून एका बाईने शिवी हासडली. वरच्या रस्त्याने पोलिसांची गाडी सावकाश गेली, थांबली नाही.

सासू शेजारी बसून कणसे सोलत राहिली. तिचे डोळे कोरडे होते. काही वेळाने तिचे हात थांबले.

"माझ्या वाटचंही तूच रड गं," ती म्हणाली, आणि शालीचे टोक तोंडात कोंबून तिने पुढचे कणीस उचलले.