गोजरबाईच्या मरणाची खोटी खबर

गोजरबाई गेली ती वांग्याच्या वाफ्यात. टोपलं भरलं, बांधावर टेकली, आणि टेकली ती टेकलीच. माहेराहून, बीबीहून, रंगरावाचा फोन आला तेव्हा मेहकरात आशाबाई भाकरी थापत होती. "ताई, माय गेली व," भाऊ म्हणाला. तव्यावरची भाकर तव्यावरच जळाली.

बाहेरच्या खोलीत काजल वेणी घालत बसली होती. बारावीला होती पोरगी. आशाबाई दाराला धरून म्हणाली, "काजल, आजी गेली व."

काजलने आरशातूनच आईकडं पाहिलं. हातातला पेड सोडला नाही.

"बरं," म्हणाली.

आशाबाईला त्या 'बरं'चा राग आला नाही. भीती वाटली. 'आजी गेली व' हेच शब्द, याच आवाजात, तिनं या पोरीला किती वेळा ऐकवले होते त्याला गणती नव्हती.

काजल आठ वर्षांची असताना मालिकेत लागली. शाळेच्या गॅदरिंगमधली तिची नक्कल कोणीतरी मोबाईलवर टाकली आणि ती पाहून मालिकावाल्यांचा फोन आला. "मुलीची भाषा फार गोड आहे," म्हणाले. तिथं नेल्यावर पहिली ती भाषाच काढून घेतली. 'मले' म्हटलं की कट. 'मले, तुले' घरगड्याच्या तोंडी, लोकांना हसवायला. नायकाच्या पोरीनं 'मला' म्हणायचं. पोरगी तेही शिकली. मालिकेत तिचं नाव चिमी. चिमीला आई नाही, म्हणून चिमी रडते. सोमवारी रडते, शनिवारीही रडते. टीव्हीवाल्यांना लेकरू नको असतं, लेकराच्या डोळ्यातलं पाणी पाहिजे असतं. आणि ते पाणी घराघरांत लोकांना ताटासोबत लागतं, लोणच्यासारखं. असं तोंडावर सांगितलं की लोकांना राग येतो. येऊ द्या.

शूटिंग तिकडं साताऱ्याकडच्या एका गावात चालायचं. सुरुवातीला डोळ्यांना ग्लिसरीन लावायचे. पोरीचे डोळे पिकल्या बोरासारखे झाले. आशाबाईला बघवेना. एका दुपारी ऊन उतरायला लागलं, शॉट काही होईना, तेव्हा दिग्दर्शक कुलदीप सर तिच्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "आई, बघा ना काहीतरी. सगळे थांबलेत. सगळे बघतायत."

तिनं बघितलं. पोरीच्या कानाला लागून म्हणाली, "काजल, आजी गेली व."

पोरीनं अशी किंकाळी फोडली की लाईट धरणारा माणूससुद्धा हबकला. शॉट पहिल्या फटक्यात ओके. टाळ्या पडल्या. "आई, तुम्ही ग्रेट आहात," कुलदीप सर म्हणाले. आणि आशाबाईला, खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

मनात पाप नव्हतं तिच्या. गावाकडं रीतच आहे. कोणाच्या डोक्याला कावळा शिवला की त्याच्या मरणाची खोटी खबर सोयऱ्यांना धाडायची. सोयरे रडले की त्या माणसावरचं मरण टळतं, आयुष्य वाढतं. डोळ्यात औषध घालण्यापेक्षा कानात खोटं घातलेलं बरं, असा तिनं विचार केला. शॉट संपल्याबरोबर तिनं बीबीला फोन लावला आणि पोरीच्या कानाला दिला.

"आजी?"

"हाव व माय, जिती हाय मी. काऊन रडून राह्यली?"

सगळं ऐकल्यावर गोजरबाई फोनमध्येच खदखदा हसली. "मारत जाय व आशा मले! माह्यं आयुष्य वाढते अन् पोरीचं काम होते. फकत मांगून फोन लावत जाय. नाहीतं लेकरू भेईन."

मग तोच नेम पडला. मोठं रडं असलं की आजी मरायची, कट झालं की आजी फोनवर यायची.

"आज कशानं मेली व मी?"

"आज तुले साप चावला होता, आजी."

"चावू दे मेला. अन् काल?"

"काल हिरीत पडली होती."

"पव्हता येते न मले, येडे!"

दोघी हसायच्या. आशाबाईही हसायची. हळूहळू किंकाळी गेली, नुसतं पाणी राहिलं. मग पोरगी रडता रडताच डोळ्याच्या कोपऱ्यातून आईच्या हातातल्या फोनकडं बघू लागली. आशाबाईनं ते पाहिलं होतं. पाहिलं आणि गप्प बसली, कारण शॉट ओके होत होते.

दोन वर्षांनी मालिकेनं उडी मारली. गोष्ट पुढं गेली, चिमी मोठी झाली, म्हणजे दुसरीच पोरगी चिमी झाली. हे जेवणाच्या सुटीत सांगितलं. पोरीच्या अंगातला फ्रॉकही उतरवून घेतला, तो कंपनीचा होता. दोघी मायलेकी मेहकरच्या गाडीत बसून घरी आल्या. त्यानंतर काजल कोणासमोर रडली नाही. बोट दारात चेंगरलं तरी नाही.

काळीपिवळी जीपमधून बीबीला जाताना आशाबाईचा पदर ओला झाला. शेजारी काजल खिडकीतून सोयाबीन बघत होती. आशाबाईला एकच पाहिजे होतं. पोरीनं आजीसाठी एकदा खरं रडावं. ती रडली तर आपण काही नासवलं नाही, असं तिला म्हणता आलं असतं.

घराजवळ पोचताच आशाबाईनं गळा काढला. दारातल्या बायाही रडत उठल्या. मयताच्या घरी आलेल्या बाईनं एकेकीच्या गळ्यात पडून रडायचं, मग आत जायचं, हे तिकडं कोणाला शिकवावं लागत नाही. आशाबाई गळ्यांतून गळ्यांत जात होती. काजल चपला काढून नुसती उभी राहिली. कोरडी ठण्ण.

रडता रडताही बायांची तोंडं बंद नव्हती.

"हे टीव्हीतली न व? तिथं तं नदी वाहे हिच्या डोयातून!"

"तिथं पैसे भेटत होते, बाप्पा. इथं फुकट कोण रडन?"

आशाबाईला ते सुरीसारखं लागलं. ती काजलजवळ सरकली, दंडाला चिमटा काढला आणि कानाला लागून म्हणाली, "रड व. सगळे पाहून राह्यले."

बोलली, आणि तिथंच थिजली. तोंड तिचं होतं, शब्द कुलदीप सरांचे होते.

काजलनं दंड सोडवून घेतला. आवाज चढवला नाही.

"फोन लाव मंग," ती म्हणाली.

"कोणाले?"

"आजीले. तू खबर देत होती तं मांगून फोन लावत होती न? लाव."

"काजल, माय माही..."

"लाव, आई."

आशाबाईनं फोन काढला. तो नंबर लावायला डोळे लागत नव्हते. आतल्या खोलीत खुंटीवर गोजरबाईची कापडी पिशवी टांगलेली होती. तिच्यात फोन वाजायला लागला. आतलं रडणं एकदम थांबलं.

"कोणाचा फोन हाय बे? बंद करा थो!" अंगणातून रंगराव ओरडला.

कोणी बंद केला नाही. काजलनं आईच्या हातातला फोन घेऊन कानाला लावला आणि उभी राहिली. पिशवी वाजत राहिली. मग वाजायची थांबली. फोनमधली बाई शुद्ध मराठीत सांगू लागली की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती उत्तर देत नाही.

काजलचं तोंड वाकडं झालं. नाक वाहायला लागलं. घशातून घुसमटल्या वासरासारखा आवाज आला, बराच वेळ नुसता आवाज, डोळ्यातून टिपूस नाही. वंगाळ दिसत होती पोरगी. कुलदीप सरांनी हा शॉट ठेवलाच नसता.

आशाबाईनं दोन्ही हात पसरले. काजलनं फोन त्या हातात ठेवला, तिच्या बाजूनं आत गेली आणि आजीच्या पायांवर डोकं टेकून पडली. बायाही तिच्याभोवती बसल्या. आशाबाई दारात हात पसरून उभी होती. तिच्या गळ्यात पडायचं एकच माणूस राहिलं होतं, आणि ते पडलं नाही.