एकही गोळी नाही

माझ्या वडिलांना, माणिकरावांना, सांगितलेलं ऐकायची वाईट खोड आहे. जेवढं सांगाल तेवढंच ऐकतात, पुढचं डोकं आपण चालवायचं.

आषाढ लागताच वाशीमच्या डॉक्टरांनी त्यांच्या रक्तातलं क्रिएटिनिन पाहून, वय धरून हिशेब केला. किडन्या शंभरातल्या एक्केचाळीस चालत होत्या. लघवीतून प्रथिनंही जात होती. जुनं बीपी आणि गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं मेडिकलवरून आणून खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या, या दोन्हींनी मिळून हे केलं होतं. पण एका तपासणीवरून कायमचा आजार म्हणता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, असं डॉक्टर म्हणाले. तोवर बीपीची गोळी चुकवायची नाही आणि दुखण्याची एकही खायची नाही. आकडा चढेल, निदान तिथेच थांबेल, या आशेवर मी तीन महिने काढले.

नेमका तेव्हाच वर्षावास लागला. किन्हीराजाच्या आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि वाचायला बाबाच. मांडी घालून, तासन्‌तास. मी तालुक्याच्या गावाहून, मालेगावहून, रोज फोन करून विचारायची, दुखण्याची गोळी खाल्ली नाही ना? नाही म्हणायचे. आवाज इतका ताजातवाना असायचा की मला बरं वाटायचं.

आश्विनात दुसरा रिपोर्ट आला. अठ्ठावीस.

दुखण्यावर काय घेतलं, डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी छाती पुढे काढली.

"एक बी गोळी नाई खाल्ली, साहेब. पोरीले विचारा."

मग गुडघे कसे राहिले, असं विचारल्यावर तितक्याच सरळपणे म्हणाले, गावात सुई टोचणारा येतो, विहारात मांडी घालून वाचायला बसता यावं म्हणून त्याच्याकडून अधूनमधून सुई घेत होतो.

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. "सुईत बी तेच औषध असते, बाबा."

"सुई कुठी मना केली होती यायनं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किडनी दुखत नाही म्हणून कळत नाही, ते म्हणाले. सुया थांबल्या की आकडा थोडा चढेलही. पण तीन महिन्यांच्या अंतराने दोन्ही वेळा तो साठाच्या खाली आहे, म्हणजे आजार आता कायमचा. गेलं ते परत येत नाही. उरलेलं सांभाळलं नाही, तर पुढे डायलिसिस.

खुर्चीवर बसून वाचता आलं नसतं का, असंही त्यांनी विचारलं. भगवंतासमोर खुर्चीवर कसं बसायचं, बाबा म्हणाले. तिथे माझा तोल गेला.

"भगवंतानं तुमची किडनी मांगतली होती काय, बाबा?"

बाबांनी रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "बरं, उद्यापासून खुर्ची ठेवजो."

उद्या वाचनाचा शेवटचा दिवस होता.