आठ बोटे आणि घंटागदा

मित्रांनो, मी जुना झालो आहे हे मला कोणी सांगायला नको. माझा काळा रंग कडेला विटला आहे, उजव्या खांद्याचे बटण घासून गुळगुळीत झाले आहे आणि पोटाला निळी चिकटपट्टी लावलेली आहे. पण म्हणून माझ्याकडे किवेने पाहू नका. मी व्हिडिओ गेमचा कंट्रोलर आहे. पडद्यावरच्या योद्ध्याने चालावे, धावावे, शस्त्र उगारावे असे वाटत असेल, तर आधी मला दोन्ही हातांत धरावे लागते. मी बरेच हात पाहिले. त्यांतल्या एका हाताची गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एका मुलीने माझ्या पोटात स्प्रिंगा बसवल्या, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने सगळी बटणे दाबून पाहिली आणि मान डोलावली. ते माझे पहिले कौतुक. मग खोका, जहाज, ट्रक आणि शेवटी कोथरूडमधल्या ऋषी नावाच्या मुलाचा वाढदिवस. पहिले वर्षभर त्याने मला रुमालाने पुसून ठेवले. पुढे तो जिंकला की गुण त्याचा आणि हरला की दोष माझा, असे होऊ लागले. एकदा रागाच्या भरात त्याने मला भिंतीवर फेकले. तेव्हापासून योद्ध्याला चालवणारी माझी डावी दांडी बिघडली. कोणी हात लावला नाही तरी योद्धा आपला डावीकडे चालत सुटायचा. ऋषीला नवा कंट्रोलर मिळाला. मी दीड वर्ष एका ड्रॉवरमध्ये वाळलेल्या पेनांच्या शेजारी पडून राहिलो.

तिथून मला दीक्षाने सोडवले. दीक्षा एका आयटी कंपनीत टेस्टिंगचे काम करते. तिने ऋषीचा जुना गेमचा डबा, म्हणजे कन्सोल, विकत घेतला आणि त्याच्यासोबत मीही आलो. मला पिशवीत घालून ती बुधवार पेठेतल्या रंगरावांच्या दुकानात गेली.

"हा दुरुस्त होईल का हो?" तिने विचारले.

रंगरावांनी चष्म्यावरून पाहिले. "बाहेर पाटी वाचलीत ना? दुरुस्ती लिहिलंय. अंत्यविधी नाही लिहिलेलं."

वीस मिनिटांत त्यांनी मला नवी दांडी बसवली. काळी शिल्लक नव्हती म्हणून करडी बसवली.

दीक्षा धायरीत दोन खोल्यांच्या घरात थोरली बहीण विजयमाला हिच्यासोबत राहत होती. दोघी वर्धा जिल्ह्यातल्या, आर्वीकडच्या. नवरा गेल्यावर विजयमाला कामासाठी पुण्याला आली आणि धाकटीला तिनेच शिकवले. बारा वर्षे ती धायरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवत होती. पत्रा सरकवायचा, पायाने पायडल दाबायचे, वरून डाय, म्हणजे लोखंडी साचा, धाडकन खाली आली की पीस तयार. मला ती 'रिमोट' म्हणायची. "तुझा रिमोट उचल, ताट ठेवायचं हाये," एवढाच आमचा संबंध.

मार्चमधल्या एका दुपारी प्रेस खाली आली तेव्हा तिचा उजवा हात आत होता. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. ती जाळी काम भरभर उरकावे म्हणून दोन महिने आधीच काढून कोपऱ्यात टेकवून ठेवलेली होती. तर्जनी आणि मधले बोट गेले.

दवाखान्यातून आल्यावर विजयमाला जवळजवळ बोलेनाशी झाली. जखम भरली, टाके निघाले, पण हात पदराखालून बाहेर येईना. भाजी आणायलाही ती खाली उतरेना. दाबायला दिलेला रबरी चेंडू तिने तिसऱ्या दिवशी पलंगाखाली ढकलून दिला.

"ताई, हात हलवला नाहीस तर उरलेली बोटंही आखडतील," दीक्षा कळवळून म्हणाली.

"आखडू दे."

त्याच सुमारास दीक्षाने एक नवा गेम सुरू केला होता. त्यात एक उजाड नगर होते आणि मेलेल्यांचे सांगाडे त्यात हिंडत. साध्या तलवारीने मारले की सांगाडा कोसळे, पण थोड्या वेळाने हाडे गोळा करून पुन्हा उभा राही. एका रविवारी सकाळी विजयमाला भिंतीला टेकून हे पाहत होती. पाहता पाहता ती एकदम म्हणाली, "अवं, तो उठला ना पुन्हा!"

कित्येक दिवसांत ती आपणहून बोलली नव्हती. दीक्षाने वळून पाहिले नाही, तशीच खेळत राहिली.

"उठणारच. त्याला होली वेपन लागतं, ताई. पवित्र शस्त्र. त्याने मारलं की तो कायमचा जातो."

"मंग घे ना बाप्पा. पाहून काय रायली?"

"कोणतं घेऊ ते ठरत नाहीये. देवळात चार शस्त्रं आहेत, त्यांतलं एकच घेता येतं. आणि एकदा घेतलं की बदलता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दीक्षा कामावर गेली. घरात विजयमाला आणि मी. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत बसली. मग तिने मला उचलले. आधी तिचा डावा हात लागला. घट्टे पडलेला, भक्कम हात. मग पदर बाजूला झाला आणि उजवा हात आला.

मित्रांनो, माझ्या उजव्या खांद्यावरच्या दोन बटणांवर तर्जनी आणि मधले बोट ठेवायचे असते. मला घडवणाऱ्यांनी तसेच गृहीत धरले होते. तिथे आज कोणीच आले नाही. तिने अनामिका लांबवून पाहिली आणि मी निसटून फरशीवर पडलो. तिने मला उचलले. मी पुन्हा पडलो. तिसऱ्या वेळी तिने मांडीवर उशी घेतली, मला तिरके करून पोटाशी टेकवले आणि अनामिका नेटाने बटणापर्यंत आणली. बटण दाबले गेले आणि पडद्यावरच्या योद्ध्याने शस्त्र उगारले.

त्या संध्याकाळी ती दीक्षाला म्हणाली, "मले एक वेगळा माणूस काढून दे त्याच्यात." दीक्षाने काही न विचारता तिच्या नावाने वेगळा खेळ सुरू करून दिला. मग रोज दुपारी आमचा उद्योग चाले. ती कितीदा मेली याची मोजदाद मी ठेवली नाही. मेली की ती प्रेसला द्यायची तशी अस्सल वऱ्हाडी शिवी देई आणि पुन्हा उशी सारखी करी. दोन आठवड्यांनी तिचा योद्धा देवळात पोहोचला.

त्या रविवारी दीक्षाचा सहकारी योगेश घरी आला होता. या गेमवरचा प्रत्येक लेख त्याने वाचलेला. चारही शस्त्रे पडद्यावर दिसताच तो सरसावून बसला.

"ताई, सूर्यखड्ग घ्या. डोळे झाकून. सगळ्या लिस्टमध्ये तेच टॉपला आहे. ते नको असेल तर जुळ्या कट्यारी. भाला ठीकठाक आहे. फक्त ती घंटागदा घेऊ नका. फार स्लो आहे, लिस्टमध्ये शेवटून पहिली."

देवळात गवताचा एक पुतळा होता. घेण्याआधी त्याच्यावर शस्त्र चालवून पाहता येई. विजयमालाने खड्ग उचलले. त्याला झटपट चार वार लागत. दुसऱ्या वारालाच अनामिका अडकली. कट्यारींना त्याहून घाई. भाल्याला खांद्यावरची दोन्ही बटणे एकदम दाबावी लागत. मग तिने गदा घेतली. लांब दांड्याला देवळातल्या घंटेएवढी घंटा. बटण दाबून धरायचे, गदा सावकाश वर जाते, नेमक्या क्षणी सोडायचे. बस. पुतळा एका घावात भुईसपाट झाला आणि घंटेचा नाद घुमत राहिला.

दाबायचे, थांबायचे, सोडायचे. ही लय तिला कोणी शिकवायला नको होती. बारा वर्षे ती तिच्या पायात होती.

"हेच घेते," ती म्हणाली.

"अहो ताई, पुढे पश्चात्ताप होईल. बदलता येत नाही."

"ते लिस्ट बनवणाऱ्याले दाहा बोटं असतीन," विजयमाला म्हणाली. तिने मला उशीवर ठेवले आणि उजवा हात त्याच्यासमोर उघडा धरला. "मले आठ हायेत. मी माह्या हाताचं हत्यार घेईन."

परक्या माणसासमोर तो हात पदराबाहेर येण्याची ही पहिलीच वेळ. योगेशने हाताकडे पाहिले, मग तिच्याकडे. "घ्या," तो हळू आवाजात म्हणाला. "मी गदेवरचं काही मिळतंय का बघतो."

तिने बटण दाबले आणि निवड पक्की झाली.

त्यानंतर तिची गाठ अस्थिराजाशी पडली. हा त्या नगराचा धनी. तीनदा पडतो आणि तीनदा उठतो. रविवारी तो तिला पुरून उरला. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तेच. गुरुवारी दुपारी ती त्याला दुसऱ्यांदा पाडत असतानाच दार वाजले. वर्कशॉपचे मालक जयसिंगशेठ आले होते. धायरीचेच राहणारे, वडिलांच्या शेतावर शेड टाकून त्यांनी तो धंदा उभारलेला. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक फाइल.

"बरं हाय का आता?" त्यांनी खुर्ची ओढली. "म्हटलं बघून यावं. आन् एक कागद हाय. जाळी तू सोताच्या मर्जीनं काढली व्हतीस, येवढंच लिवलंय त्यात. सही कर आन् सोमवारपासून ये कामाला. चहापाणी बघायचं, बसून काम."

विजयमालाने कागद घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचून तिने तो टेबलावर ठेवला, तेव्हा शेठना वाटले, अडचण हाताची आहे.

"सही जमत नसंल तर आंगठा दे. मी शाई आणलीया संगं." त्यांनी खिशातून शाईची डबी काढून टेबलावर ठेवली.

"पेन द्या," ती म्हणाली.

अपघातानंतर तिने पेन धरले नव्हते. अंगठा, अनामिका आणि करंगळी यांच्या बेचक्यात तिने ते बसवले. पेन घसरले. तिने पुन्हा बसवले. मी उशीवरून पाहत होतो. माझ्या बटणासाठी जे बोट तिने इतके दिवस राबवले होते, त्याच बोटाने पेन दाबून धरले होते. छापलेल्या मजकुराखाली तिने सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिले: 'जाळी मी काढली नाही. ती आधीच काढून ठेवली होती. बाकीच्या दोन प्रेसलाही जाळी नाही.' खाली पूर्ण नाव लिहिले आणि सही केली. मग डाव्या हाताने मोबाइल उचलून कागदाचा फोटो काढला.

शेठ उभे राहिले. "ह्ये काय लिवलंस?"

"जे झालं ते. मायनं मले बारावीपर्यंत शिकवलं, शेठ. आंगठा काहून देऊ?"

"उद्या शेड बंद पडलं तर बाकीच्या बायांनी काय करायचं? त्यांच्या पोटाचा इचार कर जरा."

"त्याहिच्या हाताचा केला ना इचार. म्हणून तर लिहिलं." तिचा आवाज चढला नव्हता. "तपासणीच्या टेबलावर बसवत असान तर येईन मी. हजार पिसांतला खोटा पीस हातानं ओळखू येते मले. चहाले नाही येणार."

"मंग येऊच नगंस," असे म्हणून शेठ जिना उतरून गेले. शाईची डबी टेबलावरच राहिली.

तिने दार लावले. ती मला पोटाशी धरून बसली, पण खेळली नाही. थोड्या वेळाने तिने दीक्षाला फोन लावला. "लवकर ये वं. कामगार अधिकाऱ्याचं हापिस कुठी हाये ते पाय. लिहून द्यायचं हाये."

सगळे लगेच गोड झाले असे मी तुम्हाला सांगणार नाही. शेठनी तिला परत घेतले नाही. दोन जुन्या मैत्रिणींनी तिच्याशी बोलणे टाकले. कार्यालयाच्या पायऱ्या तिने पाच वेळा चढल्या. पाचव्या खेपेनंतर एक अधिकारी शेड पाहून गेले आणि महिनाभरात तिन्ही प्रेसना जाळ्या बसल्या. बोलणे टाकलेल्या दोघींपैकी एक मग घरी येऊन गेली. सोबत आणलेली कढी ठेवून गेली. विजयमालाला पुढे नऱ्हे इथल्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये काम मिळाले. तपासणीच्या टेबलावर.

आणि अस्थिराजा? तो एका शनिवारी दुपारी तीन वाजता तिसऱ्यांदा पडला आणि उठला नाही. पाहायला घरात फक्त मी होतो. विजयमालाने मला खाली ठेवले, हात धुतले आणि कणीक मळायला घेतली. दीक्षा आल्यावर तिने एवढेच सांगितले, "पडला तो." दीक्षा एवढ्या मोठ्याने किंचाळली की शेजारचे दार उघडले.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आम्हा वस्तूंनी आपल्यासाठी काही मागायचे असते. आम्हाला फेकू नका, पुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. मी तसले काही मागणार नाही. माझी दांडी तुटली तर दुसरी मिळते, स्प्रिंग गेली तर नवी बसते. हाताला सुटे भाग मिळत नाहीत. उद्या तुम्ही मोठे व्हाल, एखाद्या यंत्रापुढे उभे राहाल. शेजारी कोणीतरी घाई करत असेल, ओरडत असेल, बाकीचे सगळे असेच करतात म्हणत असेल. तेव्हा हात मागे घ्या, ताठ उभे राहा आणि सांगा, आधी जाळी लावा. मग काम.